टाकी आणि रतीब

दिल्लीत काम निघालं की मी कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरतो. सकाळी बाहेर टपरीवरचा चहा आणि फोनवर गावची बातमी, हा नेम. परवा बातमी आली आमच्याच पेठेतल्या पाण्याच्या टाकीची. ‘टाकीला तडा जाण्याचे कारण म्हणजे’ इथवर वाचलं आणि खालचा मजकूर धुरकट झाला. पुढे वाचायचं तर वर्षाची वर्गणी भरा. मला टाकी हवी होती. वर्ष घेऊन काय करू?

तेवढ्यात चहावाल्याचा डबा बोलला, ‘दस रुपये प्राप्त हुए.’ दहा रुपये असे जातात, २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून कपातही होत नाही, मग दोन रुपयांत एक बातमी का मिळू नये? हॉलंडच्या ब्लेंडलनं २०१४ साली सुटे लेख विकायला काढले होते. २०१९मध्ये त्यांनीही सुटं बंद करून रतीब लावला. निक साबो नावाच्या गृहस्थानं तर १९९९ सालीच लिहून ठेवलंय: दोन रुपये जड नसतात, ‘देऊ की नको’ हे जड असतं.

मला पटेना. मंडी हाउसच्या चौकाकडे चालता चालता प्रत्येक मजकुराला मनातल्या मनात दोन रुपये लावून पाहिले. राशिभविष्य: एका राशीचे दोन, की बाराही दोनातच? अग्रलेख: उद्या बघू. निधनवार्ता: ओळखीचा असला तरच. कमानी सभागृहापर्यंत खर्च शून्य आणि डोकं भणभणलेलं.

त्यापेक्षा रतीब बरा. दूरदर्शन भवनापाशी वडील आठवले. रेडिओचा परवाना दरवर्षी पोस्टात जाऊन भरायचे आणि ऐकायचे रेडिओ सिलोन! पण दूधवाल्याला ‘चार दिवस नको’ सांगता येतं, पेपरची निदान रद्दी होते. माझ्या फोनवर तीन रतीब चालू आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या चोवीस तास आधी संदेश येतो. तिन्ही वर्गण्यांत मी शेवटपर्यंत वाचतो तो मजकूर तेवढाच.

दुसऱ्या दिवशी टपरीवर बसून वहिनीला फोन लावला. आधी गुडघे झाले, मग सुनेची बदली, मग कुणाचं तरी मोडलेलं लग्न. टाकी अडतिसाव्या मिनिटाला आली. निघताना डबा म्हणाला, ‘तीस रुपये प्राप्त हुए.’