श्रीयुत कॉर्टिसॉल यांस अनावृत पत्र

श्री. कॉर्टिसॉल (ताणाचे संप्रेरक) यांस,
मुक्काम अधिवृक्क ग्रंथी, मूत्रपिंडाच्या डोक्यावर.



आपल्या तत्परतेला तोड नाही. नाशिकच्या गंगापूर रोडला बिबट्या निघाला तर आपण रक्तात साखर सोडता, पळायला बळ देता. उपकारच. पण द्वारका चौकात गाडी अडकली, लासलगावला कांद्याचा भाव पडला, निफाडच्या द्राक्षबागेवर अवकाळी ढग आले, तरी आपली तीच धावपळ! पळायचं कुठे? आम्ही तर स्टिअरिंग धरून बसलेलो. मग ती साखर आवरायला इन्शुलिन येतं आणि उरलासुरला माल आपण दोघं मिळून पोटात रचता. शिवाय काय ती हुशारी: पोटातली चरबी निष्क्रिय कॉर्टिसोनपासून पुन्हा आपल्यालाच घडवते. गोदामातच कारखाना! अंबड औद्योगिक वसाहतीच्या उद्योजकांना हे अजून जमलेलं नाही.

बरं, आम्हा भारतीयांकडे हे चरबीचं गोदाम आधीच भरलेलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. हे पाप आपलं नव्हे, याज्ञिक त्याचं मूळ आईच्या पोटापर्यंत नेतात. पण आयत्या बिळावर बसायला आपण आहातच.

आणि आम्ही? पोट दिसलं की जेवण अर्ध्यावर, पहाटे पाचला जिम, रात्री बारापर्यंत मोबाइल. अशा अपुऱ्या झोपेचा हिशेबही झालाय: 2010 साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या प्रयोगात काही जणांना मोजकं खायला देऊन एकदा पुरेसं, एकदा कमी झोपवलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत चरबी निम्म्याहून कमी गेली. बाकी गेलं ते चरबीखेरीजचं वजन. याचं श्रेय आपलंच असं नाही, त्यात भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलेलं दिसलं. तरी आपल्याला सुखाने राहता यावं म्हणून आम्ही किती झटतो, ते पाहावं.

त्यात आपण अंगात पाणी धरून ठेवता. काटा हलत नाही, आम्ही घाबरतो, घाबरलो की आपण पुन्हा दारात. एवढ्यावर कोणी ‘कॉर्टिसॉल घटवा’ म्हणून बाटली विकायला काढतो. ती महाग असते. तिची किंमत ऐकूनही आपण हजर होता, हे मात्र अति झालं.

रात्री अकरानंतर तरी येऊ नये, ही विनंती. रात्रपाळीवाल्यांचं काय करायचं, ते मात्र त्यांच्या मालकाला विचारावं.

आपला,
पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलेला एक नाशिककर