पडली तर खेळ, एरवी नाच

चीअरलीडिंग हा खेळ आहे का? अमेरिकेतल्या न्यायालयांनी याचं उत्तर दिलेलं आहे. आहे, आणि नाही.

२००९च्या जानेवारीत विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा खेळ आहे, तोही अंगाला अंग भिडणारा, रांगडा. खटला एका शाळकरी मुलीचा होता. सरावात ती दुसरीच्या खांद्यावरून मागच्या मागे फरशीवर आपटली, डोक्याला मार लागला. झेलायला मागे उभं राहायचं ज्याच्याकडे होतं, तो मुलगा मागे नव्हताच. तिनं त्याच्यावर दावा लावला. पण त्या राज्याचा कायदा म्हणतो की अशा खेळात गड्यानं गड्यावर निष्काळजीपणाचा दावा लावायचा नाही. न्यायमूर्तींनी पाहिलं की पोरी एकमेकींना उचलतात, फेकतात, झेलतात. सबब खेळ. सबब भरपाई नाही.

दीड वर्षानं कनेटिकटमधल्या केंद्रीय न्यायाधीशांनी निकाल दिला की हा खेळ नाही. इथे वादी व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या प्रशिक्षक. क्विनिपिॲक विद्यापीठाला पैसे वाचवायला मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करायचा होता. मधे ‘टायटल नाइन’ कायदा आडवा आला, कारण त्याप्रमाणे मुलींनाही खेळाची संधी मुलांच्या बरोबरीनं द्यावी लागते. मग चीअरलीडिंगला रातोरात विद्यापीठ संघाचा दर्जा मिळाला. खर्च कमी, डोकी जास्त.

सुनावणीत आणखी गंमत निघाली. एकच धावपटू मुलगी क्रॉसकंट्रीत एकदा, बंदिस्त शर्यतींत दुसऱ्यांदा आणि मैदानी शर्यतींत तिसऱ्यांदा मोजलेली. मोजणीच्या दिवसापुरते मुलांच्या संघातले काही गडी गायब, मोजणी उरकली की हजर. आपल्याकडे २०११च्या पटपडताळणीला शेजारच्या गावातून पोरं आणून बाकांवर बसवणाऱ्या संस्थाचालकांना हे कळलं असतं, तर त्यांनी क्विनिपिॲकला अभ्यासदौरा काढला असता. न्यायाधीश म्हणाले, चीअरलीडिंगला ना हंगाम ठरलेला, ना सगळीकडे एकच नियम, ना प्रतिस्पर्ध्याचा ठिकाणा. हा खेळ कसला? २०१२मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं.

थोडक्यात, पोरगी पडली आणि कुणाला पैसे द्यायची पाळी आली तर खेळ. पोरीच्या नावानं काही मागायला गेलात तर नाच.

हे चीअरलीडिंग सुरू केलं पुरुषांनी. १८९८मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं मैदानात उतरून प्रेक्षकांकडून आरोळ्या म्हणून घेतल्या, ती याची सुरुवात मानतात. मुलींना तिथे शिरायला १९२३ साल उजाडलं. आयझेनहॉवर, रेगन, धाकटे बुश हे सगळे शिकत असताना चीअरलीडर होते. तेव्हा त्याला नेतृत्वगुण म्हणत. खेळ आहे की नाही हा तात्त्विक प्रश्न पोरींनी झगा घातल्यावर पडला.

झग्याचा प्रश्न मात्र निकाली निघाला. त्यावरच्या तिरप्या पट्ट्यांच्या नक्षीवर मालकी सांगता येते का, हा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७मध्ये न्यायालय म्हणालं, येते. मालक ‘व्हार्सिटी’ कंपनी. ती गणवेश विकते, शिबिरं घेते, स्पर्धाही भरवते. तिचे संस्थापक जेफ वेब यांनी आंतरराष्ट्रीय चीअर संघटनेचं अध्यक्षपदही सांभाळलं. मक्तेदारीच्या आरोपांवरचे दोन दावे कंपनीनं २०२३ आणि २०२४मध्ये मिळून साडेबारा कोटी डॉलरच्या वर मोजून मिटवले. उलाढाल कधीच मैदानात उतरली आहे, दर्जा तेवढा कोर्टात अडकलाय.

आता डॉक्टरांचं ऐका. शाळकरी मुलींच्या खेळांत ज्या अतिगंभीर इजा होतात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वर्षानुवर्षं चीअरलीडिंगमध्ये नोंदल्या गेल्या. २०१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशननं ठराव केला, की बाबांनो, याला खेळ म्हणा, म्हणजे प्रशिक्षकाला धड शिक्षण आणि सरावाला सुरक्षेचे नियम लागतील. २००६मध्ये सेंट लुइसला बास्केटबॉलच्या सामन्यात एक चीअरलीडर सुमारे पंधरा फुटांवरून डोक्यावर पडली. मानेला पट्टा, अंगाला पट्टे, स्ट्रेचरवरून बाहेर नेताना बँडनं कॉलेजचं गाणं धरलं आणि तिनं पडल्या पडल्या दोन्ही हातांनी ठेक्यावर सगळे हावभाव करून दाखवले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खेळाडू असती, तर तिला ‘गप्प पडून राहा’ म्हणाले असते.

चुकलं अमेरिकनांचं एवढंच, की ते आधी कोर्टात गेले. आमच्याकडे २०२२मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत उभं राहून दहीहंडी हा साहसी खेळ असल्याचं जाहीर केलं, गोविंदांना सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के कोट्याचा लाभही सांगून टाकला. हंगाम कोणता, प्रतिस्पर्धी कोण, असलं कुणी विचारलं नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं चिडली, पण त्यांचे थर लागत नाहीत. तिकडे कॉलेजच्या नियमात मनोरा अडीच माणसांच्या वर न्यायचा नाही. अडीच! जय जवान पथकानं २०१२ला ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फूट गाठले, तेव्हा अर्ध्या माणसाचा हिशेब कुणी केला नव्हता.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं मात्र चीअरलीडिंगला २०१६मध्ये तात्पुरती आणि २०२१मध्ये पक्की मान्यता दिली. मान्यता ब्रिजलाही आहे, तेव्हा पत्ते कुटणारे काका आणि हवेत गिरकी घेणारी पोरगी एकाच पंगतीत बसले. मान्यता म्हणजे प्रवेश नव्हे. २०२८चं ऑलिंपिक खुद्द लॉस एंजेलिसला आहे, पण चीअरलीडिंग यादीत नाही. क्रिकेट आहे.

म्हणजे सोयच झाली. २००८च्या पहिल्या आयपीएलला चौकारामागे नाचायला वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या पोरी बंगळूरपर्यंत आणाव्या लागल्या होत्या. आता विमानाचं भाडंही वाचेल.