घाण्याचं तेल आणि गाडीचं तेल

मेस्त्रींनी बोनेट उघडलं, ऑइलची पट्टी उपसली, फडक्याला पुसली, परत घालून परत उपसली आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा करून विचारलं, "साहेब, साधं टाकू की सिंथेटिक?"

"साधं," मी बाणेदारपणे म्हणालो. "आमच्याकडे सिंथेटिक चालत नाही."

यात माझा दोष नाही. मी वाढलो त्या घरात 'सिंथेटिक' ही शिवी होती. सिंथेटिक साडी आहेरात यायची आणि आहेरातच जायची; कपाटात तिला मुक्काम म्हणून मिळत नसे. आजही आमच्या स्वयंपाकघरात गूळ सेंद्रिय, मीठ सैंधव आणि शेंगदाण्याचं तेल लाकडी घाण्याचं असतं. घाण्यावर जाऊन, रांगेत उभं राहून, रिफाइंडपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून ते आणणारा माणूस गाडीला नकली तेल कसं पाजेल?

"बरं," मेस्त्री म्हणाले. "पैसे वाचतील तुमचे. सिंथेटिक जवळजवळ दुप्पट पडतं."

मी हादरलो. नकली वस्तू अस्सलपेक्षा महाग? "दोन दिवसांनी येतो," असं सांगून मी गाडी तशीच घरी आणली आणि अभ्यासाला बसलो.

गाडी २०१३ची, छोटी. वर्षाकाठी तीन हजार किलोमीटर झाले तर तिला दम लागतो. मंडई, बँक आणि वर्षातून एकदा कोकण, एवढाच तिचा प्रपंच. पण अभ्यासाला बसलेल्या पुणेकराला असल्या क्षुल्लक गोष्टी आडव्या येत नाहीत.

पहिला धक्का डब्यावरच्या आकड्यांनी दिला. ५डब्ल्यू-३० यातला डब्ल्यू मी इतकी वर्षं वॅट समजत होतो. तो निघाला विंटरचा. अलीकडचा आकडा थंडीतला, पलीकडचा तापलेल्या इंजिनातला, म्हणजे शंभर अंशावरच्या दाटपणाचा. अलीकडचा आकडा जितका लहान तितकं तेल गारठ्यात पातळ राहणार. ५डब्ल्यूवालं तेल उणे ३० अंशाला तपासतात म्हणे. आमच्या पार्किंगमध्ये पारा आठावर आला तरी वॉचमन शेकोटी पेटवतो आणि सोसायटी त्याला नोटीस देते. उणे ३०ची सोय केली काय नि नाही काय!

दुसरा धक्का जास्त खोल होता. साधं तेल म्हणजे जमिनीतून काढलेलं खनिज तेल शुद्ध करून बनवलेलं. त्यातले रेणू लहान-मोठे, लांब-आखूड, सरमिसळ. लग्नाच्या पंगतीत बसावेत तसे. सिंथेटिकमध्ये ते एका मापाचे, शाळेच्या कवायतीतल्यासारखे. त्यामुळे हे तेल थंडीत आळसत नाही, उष्णतेत लवकर जळत नाही आणि टिकतं जास्त. मग ते बनवतात कशापासून? तर बहुतेक वेळा त्याच खनिज तेलापासून! हायड्रोजनच्या दाबाखाली त्याचे रेणू मोडूनतोडून, नव्याने बसवून. याला सिंथेटिक म्हणायचं का, यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत जुंपली होती. १९९९मध्ये तिथल्या जाहिरातींचे तंटे सोडवणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला: म्हणा खुशाल. म्हणजे इथेही अस्सल सिंथेटिक आणि नकली सिंथेटिक असा वाद आहेच. हे वाचून मला फार घरच्यासारखं वाटलं. मधल्या वाटेचं सेमी-सिंथेटिकही मिळतं. ते आपलं टेरिकॉट.

मी हे सगळं रात्री जेवताना सांगितलं. पोळीवर तेल सोडत बायकोने शांतपणे विचारलं, "अहो, म्हणजे गाडीला रिफाइंड आणि आपल्याला घाण्याचं?"

"अगं, पूर्वी गाडीलाही घाण्याचंच असायचं! कॅस्ट्रॉल हे नावच मुळी कॅस्टरवरून, म्हणजे एरंडेलावरून आलंय. १९०९चं आहे ते. पहिल्या महायुद्धात तर विमानांच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांत एरंडेलच ओतायचे. ते जळलं-न जळलं की धुराबरोबर वैमानिकाच्या तोंडावर यायचं."

"आणि मग?"

महिन्यातून एका रविवारी आजीच्या हातचं एरंडेल प्यायलेल्यांना पुढचं सांगायला नको. शत्रू मागे लागलाय, खाली दहा हजार फूट काही नाही आणि पोटात कळ! नैसर्गिक, शुद्ध, वनस्पतिजन्य तेलाबद्दलचा माझा आग्रह त्या रात्री जरा सैल झाला.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर भेटले तेव्हा त्यांनी तो आणखी सैल केला. "जवळच्या चकरा मारता ना? ते वाईट. तेल नीट तापतच नाही. त्यात पेट्रोल आणि पाणी साचतं. सिंथेटिक घाला नाहीतर अमृत घाला, वर्षाने बदलावंच लागणार. पुस्तक बघा गाडीचं."

पुस्तक डिकीत, पाच वर्षांच्या पीयूसींखाली सापडलं. ५डब्ल्यू-३०, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. सिंथेटिक की साधं, याबद्दल चकार शब्द नाही. आपले तीन वर्षांतही दहा हजार होत नाहीत, तेव्हा दुप्पट पैसे मोजण्यात काही हशील नव्हतं. हे मला स्वच्छ कळलं.

"सिंथेटिक टाका," मी मेस्त्रींना म्हणालो. दोन दिवस एवढा अभ्यास केल्यावर साधं तेल घेऊन घरी जाणं जिवावर आलं होतं.

त्यांनी चेंबरचा नट सोडला. डांबरासारखं तेल भांड्यात पडलं. "बघा, किती खराब!" मी म्हणालो. "खराब नाही साहेब," ते म्हणाले, "मळ धरून ठेवतं म्हणून काळं होतं. काळं झालंच नाही तर समजायचं, काम करत नाही." हे वाक्य मी आमच्या ऑफिसमधल्या एक-दोन शर्टांना मनातल्या मनात लावून पाहिलं.

साडेतीन लिटरच्या डब्यातलं तीन लिटर गाडीत गेलं. उरलेलं अर्धा लिटर मी हट्टाने घरी आणलं. इतक्या महागाचं टाकणार कोण? बायकोने त्यावर लाल खडूने 'खायचं नाही' असं लिहून डबा माळ्यावर ठेवला. परवा तिने त्यातलेच दोन थेंब देवघराच्या दाराला घातले. बिजागरी आता कुरकुरत नाही. आणि पुण्यात उणे ३० झालं तरी कुरकुरणार नाही.