वाढत्या अंगाचा चष्मा

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची आणत नाहीत. मापाची वस्तू म्हणजे उधळपट्टी. पहिलीत शिवलेला माझा गणवेश मला दुसरीत बसला, तिसरीत शोभला आणि चौथीत धाकट्या भावाकडे गेला. त्यालाही तो वाढत्या अंगाचाच होता. बुटांच्या टोकांत कापूस कोंबून मी अख्खं प्राथमिक शिक्षण चालत पुरं केलं. लग्नातला कोट आईनं ज्या अंगाचा शिवून घेतला, ते अंग आत्ता कुठे येऊ लागलंय. तेव्हा साडेतीन वर्षांच्या लेकीला चष्मा लागला, त्या वेळी आम्ही काय केलं असेल, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

चष्मा लागला कसा, ते आधी सांगतो. जेवताना घास जवळ आला की बाईसाहेबांचा डावा डोळा हळूच नाकाकडे सरकायचा, जणू नाक जागेवर आहे ना, ते बघायला. (त्याची शंका रास्त होती, हे पुढे कळलं.) आई म्हणाली, "असू दे रे. जरासा तिरपा डोळा नशीबवान असतो." बायको म्हणाली, "आई, ते नशीब एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ."

डॉक्टरीणबाईंनी तीन दिवस डोळ्यांत घालायला मलम दिलं. त्यानं बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या, की लेक उजेडाला तोंड चुकवत मांजरासारखी पलंगाखाली राहू लागली. चौथ्या दिवशी बाईंनी उजेडाची एक बारीक तिरीप तिच्या डोळ्यांत इकडून तिकडे फिरवली, समोर एकेक भिंग धरलं आणि तिला एक अक्षरही न विचारता नंबर काढला. विचारलं असतं तरी अननसाच्या पुढे तिची मजल गेली नसती. दोन्ही डोळे प्लस ४.५. मग त्यांनी समजावून सांगितलं : प्लस नंबरचं मूल नीट दिसावं म्हणून डोळ्यांवर जोर देतं, आणि जवळचं बघायला जोर दिला की डोळे आत वळतात, तो त्यांचा स्वभावच. चष्म्यानं तो जोर आपल्या अंगावर घेतला की डोळा सरळ राहतो. हयगय केली तर मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो, आणि सात-आठ वर्षांचं वय उलटल्यावर त्याला पुन्हा ऐकायला लावणं कठीण. म्हणून चष्मा सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत हवा. हे सगळं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तो नाकावर राहणार कसा, एवढं मात्र लिहिलं नव्हतं.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका झगमगीत दुकानात आम्ही सहकुटुंब गेलो. बायकोनं रंग बघितला. मी किंमत बघितली. आईनं फ्रेम नातीच्या तोंडासमोर धरून दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते का, ते बघितलं. उरली. "घ्या ही," आई म्हणाली, "दोन-तीन वर्षं बघायला नको." काउंटरवरचा मुलगाही म्हणाला, "चेहरा भरला की मस्त बसेल, काकू." लेकीचं नाक कोणीही बघितलं नाही.

आता नाकाविषयी. आमच्या लेकीला नाक आहे, पण ते सध्या नाकपुड्यांपुरतं आहे. दोन डोळ्यांच्या मधोमध, मोठ्या माणसांच्या जिथे हाडाचा उंचवटा असतो, तिथे तिच्याकडे मोकळं मैदान. बहुतेक लहान मुलांचं असंच असतं. ते हाड वर यायला वर्षं जावी लागतात. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, एवढं आपल्या वाडवडलांनी सांगून ठेवलंय. नकटीच्या चष्म्याचं काय होतं, ते सांगितलेलं नाही. ते असं होतं : चष्मा डोळ्यांवर चढवला, तो मैदान ओलांडून खाली आला आणि नाकाच्या शेंड्यावर थांबला. लेक हनुवटी गळ्याला टेकवून काचांच्या वरून आमच्याकडे बघू लागली. वय साडेतीन, मुद्रा थकबाकीदाराकडे बघणाऱ्या पतसंस्थेच्या मॅनेजरची. सगळी सोसायटी खूश. पण गंमत एवढीच, की प्लस ४.५ आता नाकपुड्यांना लागला होता, डोळे बिनचष्म्याचेच होते आणि डावा पुन्हा नाकाच्या चौकशीला निघाला होता.

मग घरगुती उपाय सुरू झाले. मी काड्यांच्या टोकांना रबरबँड गुंडाळले. लेकीचे चार केस त्यांत अडकले आणि तिनं जो सूर लावला तो खालच्या मजल्यावरही ऐकू गेला. बायकोनं इलॅस्टिक लावून चष्मा डोक्यामागून आवळला. तो गालांत रुतला आणि पापण्या काचांवर वायपरसारख्या घासू लागल्या. आईनं परकराची नाडी काढली. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून काड्या दोन वेण्यांना रिबिनीनं बांधून झाल्या. लेकीनं मान झटकली, तसा चष्मा वेण्यांसकट कपाळावर गेला. त्यानंतर तिनं स्वतःचा उपाय काढला. सशाला कान धरून उचलावं, तसा चष्मा एका काडीनं उचलायचा आणि लपवायचा. तो आम्हाला तांदळाच्या डब्यात सापडला, तुळशीच्या कुंडीत सापडला, आणि एकदा कुकरात, सुदैवानं पहिल्या शिट्टीच्या आधी. आम्ही चॉकलेटं दिली, डोळे वटारले, बागुलबुवा बोलावला. शेवटी 'आजोळवर गेलीय' असं आईनं जाहीर केलं आणि त्या विषयावर दोन दिवस वेगळंच युद्ध झालं.

यात चार आठवडे गेले. मला त्याची लाज वाटायची, पण मग मी चष्म्याचा इतिहास वाचला आणि जरा बरं वाटलं. चष्मा निघाला इटलीत, तेराव्या शतकाच्या अखेरीस. दोन भिंगं मधे खिळ्यानं जोडलेली; ती नाकाला चिमटायची, नाहीतर हातानं धरून बसायचं. पुढची चारशे वर्षं युरोपातले मोठमोठे पंडित ते चिमटून, धरून, सरकवून बघत होते. कोणी कानांत रेशमी दोऱ्याचे फास अडकवत होते, म्हणजे थोडक्यात परकराची नाडीच. ताठ काड्या यायला अठरावं शतक उजाडलं. लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट नावाच्या चष्मेवाल्याच्या १७३० च्या सुमाराच्या जाहिरातीत त्या दिसतात. आणि त्याही कानांवर टेकत नव्हत्या! टोकाला गोल वेटोळं, आणि ते कानशिलांवर दाबून बसायचं. शेजारी दोन कान रिकामे असताना. या हिशेबानं आमचे चार आठवडे म्हणजे घाईच झाली.

बायकोच्या ऑफिसात कोणीतरी एका बोळातल्या म्हाताऱ्या चष्मेवाल्यांचा पत्ता दिला. दुकान एवढंसं, की आम्ही चौघं आत शिरल्यावर काकांनी बाहेर उभं राहायचं तेवढं बाकी होतं. त्यांनी नंबरचा कागद बाजूला सारला, लेकीला काउंटरवर बसवलं आणि सर्वांत आधी तिचं नाक बघितलं. अंगठ्यानं, हलकेच, आंबा पिकलाय का बघावं तसं. मग आमच्या फ्रेमची एक काडी उलटून तिची आतली बाजू माझ्यापुढे धरली.

"वाचा."

बारीक आकडे होते. ४६, एक छोटा चौकोन, १७, आणि पुढे १३०. मी वयाच्या दहाव्या वर्षापासून चष्मा लावतो. 'ढापण्या' ही पदवी शाळेनं मला सन्मानपूर्वक दिलेली आहे. असले आकडे गेली पंचवीस वर्षं माझ्या कानाशी आहेत आणि मी ते कधी वाचले नव्हते.

"काचेची रुंदी ४६, मधला पूल १७, काडी १३०. सगळं मिलिमीटरमध्ये," काका म्हणाले. "हा चष्मा कोणाचा?"

"हिचा."

"ही चौथीत जाईल तेव्हा हिचा. आज कोणाचा?"

आई म्हणाली, "म्हटलं, वाढत्या अंगाचा..."

"वहिनी, फ्रॉक घ्या वाढत्या अंगाचा. तो खांद्यावर लटकतो. चष्म्यानं लटकायचं कशावर?"

माझ्या आईला निरुत्तर झालेलं मी आयुष्यात दोनदा बघितलंय. दुसरी वेळ ही.

काकांनी जी फ्रेम काढली तिच्यावर ३९, १४, ११५ असे आकडे होते. मोठ्यांची फ्रेम नुसती आटवली की लहान मुलांची होत नाही, असं त्यांचं म्हणणं. पूल खाली आणि बसका हवा, आणि तो नाकाच्या दोन्ही उतारांवर सगळ्या काठानं टेकायला हवा. दोनच ठिकाणी टेकला तर तिथे लाल ठिपके उठतात आणि मूल चष्मा कुकरात टाकतं. (कुकराचं आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं.) बाहुली काचेच्या साधारण मध्यावर यायला हवी. रंग त्यांनी लेकीला विचारला. तिनं निळा सांगितला. बायकोनं गुलाबीकडे एकदा बघून सुस्कारा सोडला.

काचा पॉलिकार्बोनेटच्या : हलक्या, आणि पडल्या-आपटल्या तरी सहसा न फुटणाऱ्या. प्लसची काच मधे फुगीर असते, मसुरासारखी. लेन्स हा शब्दच मुळी लॅटिनमधल्या मसुराचा. काच जितकी रुंद कापावी तितकी ती मधे जाड करावी लागते. म्हणजे वाढत्या अंगाची फ्रेम घेऊन आम्ही त्या एवढ्याशा नाकावर वजनही वाढत्या अंगाचं ठेवलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो प्रकार आम्ही पैसे मोजून केला होता.

चार दिवसांनी काचा बसून आल्या आणि खरा सोहळा झाला. काडी कानापर्यंत सरळ यायला हवी आणि कान ओलांडला की लगेच वळायला हवी. आमच्या जुन्या चष्म्याचं वळण कानाच्या मागे पार बोटभर लांब होतं, आणि तेवढं अंतर चष्मा पुढे घसरून भरून काढत होता. काकांकडे बारीक काचमण्यांनी भरलेलं एक तापतं भांडं होतं. भडभुंजा वाळूत फुटाणे परततो, तशी त्यांनी काडी त्यात खुपसली, काढली, अंगठ्यानं वाकवली, गार केली, लेकीला घातली आणि विचारलं, "टोचतंय?"

"इथे."

पुन्हा काढली, पुन्हा तापवली. "आता?"

"इकडे थोडं."

असं सहा वेळा. चार आठवडे जिनं घर डोक्यावर घेतलं होतं, ती मुलगी सहा वेळा शहाण्यासारखी मान पुढे करून बसली आणि नेमकं बोट ठेवून सांगत गेली. टोचतंय का, हे आमच्यापैकी कोणी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"आता हसवा हिला," काका म्हणाले. हसल्यावर गाल वर येतात. गालांनी चष्मा उचलला तर तो चुकला. लहान मूल दिवसभर हसणार, म्हणून चष्मा रडक्या तोंडावर बसवायचा नसतो. झालं, आम्ही कामाला लागलो. मी माकड केलं, कुत्रा केला. आईनं बोळकं दाखवलं. गुदगुल्यांना काकांनी मनाई केली, अंग वाकडं होतं म्हणून. लेक ढिम्म. तिसऱ्या माकडाला मी खाली वाकलो, माझाच चष्मा नाकावरून सुटला आणि थेट काउंटरवरच्या कळकट कपबशीत पडला. तेव्हा ती जी हसली, ती गाल कानांना लागेपर्यंत. निळा चष्मा तसूभर हलला नाही.

काकांनी काड्यांच्या टोकांना सिलिकॉनची मऊ टोपणं चढवली आणि एक सैल पट्टा दिला. पट्टा ओढायला नसतो, पडला तर झेलायला असतो, हे बायकोला दोनदा ऐकवलं. चष्मा काढायचा तो दोन्ही हातांनी. एका काडीनं ओढला की फ्रेम फाकते. महिन्यातून एकदा आणायचा, स्क्रू आवळायला, फुकट. मग चहातून माझा चष्मा काढून त्यांनी पुसला, माझ्याकडे न बघता काड्या मण्यांत घातल्या आणि दोन मिनिटांत सरळ करून दिला. म्हणाले, "तिचं एक वेळ ठीक आहे. तुमच्यासारख्या नाकाला ही सबब नाही."

याला आता तीन महिने झाले. चष्मा असतो तोवर डावा डोळा सरळ असतो, आणि चष्मा असतो कायमच. झोपल्यावर तो आम्हाला चोरून काढावा लागतो. मी बोलताना दर वाक्याला बोटानं चष्मा वर सरकवायचो, ते बंद झाल्यापासून ऑफिसात लोकांना मी आजारी वाटतो.

जुनी फ्रेम लेकीनं बाहुलीला घालून बघितली. ती घसरून बाहुलीच्या पोटावर आली. "राहू दे," लेक म्हणाली, "तिला वाढत्या अंगाचा आहे."

आईनं ती बाहुलीकडून काढून घेऊन कपाटात नीट ठेवली आहे. पण मला आता धीर नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी आठ-नऊ वर्षांची मुलगी असेल, तिला चष्मा असेल आणि मुख्य म्हणजे नाक असेल, तर कळवावं. ४६, १७, १३०. गुलाबी. कुकरात फक्त एकदा गेलेली आहे.