टरफलं

आई कांदा असा सोलते की कांद्यालाही कळत नाही. शेंडा-बूड उडवलं, वरचं कागदी टरफल बोटाने ओढलं, की झालं. मी मात्र खालचा गुलाबी, जरासा वाळका पदरही काढतो आणि संशय आला तर त्याच्या खालचाही. "कांद्याचा लसूण करणार आहेस का?" असं आई विचारते.

आषाढ लागला तसे शेजारचे नाना एक बाटली घेऊन आले. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली. "वाच रे जरा, अक्षर मुंगीएवढं आहे." क्वर्सेटिन, 500 मिलिग्रॅम, साठ कॅप्सूल.

"हे फ्लॅवोनॉइड, नाना. कांद्यात असतं."

नानांचा चेहरा उतरला. भाच्याने डॉलर मोजून कांदा पाठवला, असं त्यांना वाटलं असणार, अशी मी समजूत करून घेतली आणि त्यांना जरा बरं वाटावं म्हणून माहिती पुरवत बसलो.

फ्लॅवोनॉइड हे नाव 'पिवळा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं. कांद्याची टरफलं पाण्यात उकळली की ते पिवळं-तपकिरी होतं, त्यात हेच क्वर्सेटिन. जांभूळ खाऊन जीभ जांभळी होते, कोकमाचं सरबत लाल दिसतं, तेही याच कुळातले रंग. झाड हे सगळं आपल्यासाठी करत नाही. उन्हातले अतिनील किरण अडवायला, किडींना दूर ठेवायला ते हा माल बनवतं, त्यामुळे तो ठेवतंही दाराशीच. कांद्यात सगळ्यात जास्त क्वर्सेटिन त्या वाळक्या टरफलात, मग बाहेरच्या पदरांत आणि गाभ्याकडे जावं तसं कमी कमी. म्हणजे इतकी वर्षं मी औषध कचऱ्यात टाकून चोथा खात होतो. आई काही बोलली नाही, तिने फक्त कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. पण टरफलांच्या बाबतीत आपली भूमिका टिळकांपासून ठरलेली आहे, ती एकदम कशी बदलणार?

या फ्लॅवोनॉइड मंडळींना एकदा जीवनसत्त्वाचा मानही मिळाला होता. 1936 साली हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी लिंबू आणि पाप्रिका मिरचीतल्या अशा द्रव्यांनी केशवाहिन्यांची गळती थांबते असं सांगून त्यांना 'जीवनसत्त्व पी' म्हटलं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण त्यात 'पी'चा वाटा नव्हता. हे न खाल्ल्याने कुठला ठरावीक आजार होतो, हे कुणाला दाखवता येईना, म्हणून 1950 च्या सुमाराला ते नाव मोडीत निघालं. मग 1993 मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेन गावच्या 805 म्हाताऱ्यांचा हिशेब छापून आला. ज्यांच्या खाण्यात फ्लॅवोनॉइड जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू कमी. आणि ते मिळत होतं कशातून? मुख्यतः चहा, मग कांदा, मग सफरचंद. चहा ऐकून नाना किंचित सावरले. आता वेळेवर चहा पिणारे म्हातारे एरवीही शिस्तीचे असू शकतात, तेव्हा श्रेय चहाचं की शिस्तीचं, हे अशा हिशेबातून सुटत नाही. नानांना मी हे सांगितलं नाही.

सांगितलं ते एवढंच, की शरीर फ्लॅवोनॉइडचा साठा करत नाही. पाहुण्याला ओट्यावर चहा देऊन वाटेला लावावं तसं एखाद-दोन दिवसांत बाहेर काढतं.

"म्हणजे कांदेनवमीला कितीही भजी खाल्ली, तरी चार महिने पुरणार नाही?"

"एकादशीपर्यंत पुरलं तरी खूप."

नाना खिन्न झाले. मग घसा खाकरून त्यांनी, जे विचारायला आले होते ते विचारलं. "मी चातुर्मास पाळतो रे. कांदा-लसूण बंद. ही गोळी चालेल का?"

मी बाटली पुन्हा डोळ्यांजवळ धरली. कांद्याचा उल्लेखच नव्हता. एका चिनी झाडाच्या फुलांच्या कळ्यांचा अर्क होता.

"फुलंच आहेत, नाना."

"मग चालेल!" नाना उजळले.

त्या ओळीखाली आणखी बारीक अक्षरात कॅप्सूलच्या टरफलाविषयी लिहिलं होतं. जिलेटिन. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि आईला नानांसाठी चहा टाकायला सांगितला.