चाळीस की पन्नास?

टायर ४० मिलिमीटरचा घ्यावा की ५०चा, यावर मी जेवढा अभ्यास केला तेवढा फ्लॅट घेताना केला नव्हता. फ्लॅटच्या वेळी पाणी किती वेळ येतं आणि स्वयंपाकघराला खिडकी आहे का, एवढं विचारून आम्ही सही ठोकली होती. ग्रॅव्हल बाइकसाठी मात्र मी मध्यरात्र उलटेपर्यंत निरनिराळ्या फ्रेमची मापं ताडून बघत बसायचो. शेवटी बायको म्हणाली, “अहो, रविवारी चहा-पोहे खायला तर जाता. टपरीपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे.”

“होता,” मी म्हणालो.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे हँडल शर्यतीच्या सायकलचं आणि टायर जाडजूड. डांबरावरही पळते, मातीवरही पळते. दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, ही कुठेही जाते.” पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला एवढं वाक्य पुरतं. मी स्वतः कुठेही जात नाही, हा मुद्दा त्यापुढे फारच किरकोळ ठरतो. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी ‘अनबाउंड’ नावाची शर्यत होते, २०० मैलांची, म्हणजे ३२० किलोमीटरच्या वर. तिथल्या वाटांवर गारगोटीचे धारदार दगड असतात आणि ते टायर चिरतात. तेव्हा तिथले स्पर्धक टायरची कड किती जाड ठेवतात, हे वाचून मी आमच्या टपरीच्या रस्त्याची तयारी करत होतो. एम्पोरियाहून मला अद्याप कुणी बोलावलेलं नाही.

दुकानात मी पूर्णवेळ ‘सर’ होतो. मग ट्रायलसाठी सायकलवरून पाय टाकला, तो निम्म्यावरच राहिला आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं. तिथून पुढे मी ‘काका’ झालो. “काका, मग तुम्ही सस्पेन्शनवालंच बघा,” मुलगा मायेने म्हणाला.

सस्पेन्शनचं असं आहे की पैसे जसे वाढवाल तसे धक्के कमी होतात. पुढच्या फोर्कमध्ये ३० ते ४० मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन मिळतं. डोंगरात उड्या मारणाऱ्या माउंटन बाइकला ते १००च्या पुढे असतं. पण आपल्याला उड्या मारायच्या नाहीत, मनगटं वाचवायची आहेत. काही कंपन्या हँडलखालीच स्प्रिंग बसवतात. काही जण सीटखालचा दांडाच दबणारा घेतात. सस्पेन्शन फोर्क साध्या कार्बन फोर्कपेक्षा साधारण पाऊण किलो जड. या पाऊण किलोने माझी झोप उडवली. माझ्या पोटावर त्याच्या कैकपट ऐवज वर्षानुवर्षं बिनभाड्याने राहतो आहे. त्याला कधी कुणी नोटीस दिली नाही. सायकलच्या वजनाबद्दल मात्र मी ग्रॅमच्या भाषेत बोलायला लागलो.

बरं, हे काही नवं खूळ नव्हे. दगडी रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध असलेली पॅरिस–रूबे शर्यत फ्रान्सच्या ज्याँबेर... छे, जिल्बेर द्युक्लो-लासालने १९९२ आणि १९९३ साली लागोपाठ जिंकली ती सस्पेन्शन फोर्क लावूनच. हे नाव मला आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये सहज टाकायचं होतं. आरशासमोर म्हणून बघितलं आणि नाद सोडला.

हवेचं शास्त्र तर आणखी उलटं निघालं. आमच्या लहानपणी पंक्चरवाला टायर अंगठ्याने दाबून बघायचा. अंगठा आत गेला नाही की हवा बरोबर. आता कळतं की खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक दगडावर तुम्हाला उचलून आपटतो आणि पुढे जायची ताकद अंग हादरवण्यात खर्ची पडते. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवली की टायर दगड पोटात घेतो आणि सायकल बिनबोभाट पुढे जाते. मात्र फ्रेमला टायरच्या दोन्ही बाजूंनी मोकळी जागा हवी. दख्खनची काळी माती पावसात एकदा टायरला धरली की फ्रेमपर्यंत थर चढतो आणि चाक फिरायचंच बंद होतं. मग ‘कुठेही जाणारी’ सायकल खांद्यावर घेऊन आपणच कुठेही जायचं.

हे ज्ञान डोक्यात खळखळत असताना एका सकाळी आमच्या सोसायटीच्या वॉचमन मामांची काळी सायकल पार्किंगमध्ये दिसली. मी सवयीने खाली वाकून टायरची कड वाचली. धुळीखाली अक्षरं होती: २८ × १½. त्याखाली बारीक आकडे: ४०-६३५. म्हणजे टायर ४० मिलिमीटरचा! ज्या चाळीससाठी मी डोळे फोडून घेत होतो, तो मामा रोज ड्यूटीवर घेऊन येत होते. आणि रिम ६३५ची. माझ्या ग्रॅव्हल बाइकची ६२२. मोठं चाक खड्ड्यावरून अलगद जातं, हे मी नुकतंच वाचलं होतं. इथेही मामाच पुढे.

आता या काळ्या सायकलबद्दल बोलायला लागलो की मला आवरत नाही, तेव्हा वाचकांनी घोटभर चहा घ्यावा. कॅटलॉग लिहिणाऱ्याच्या हाती ही सायकल दिली तर तो काय काय लिहील! लांब व्हीलबेस, त्यामुळे वेगातही स्थिर. पाठ ताठ ठेवणारी बैठक. सीटखाली पोलादी स्प्रिंगांचं जोड-सस्पेन्शन, ज्याची सर्व्हिसिंग म्हणजे दिवाळीत दोन थेंब तेल. पँटची घडी वाचवणारं चेनकव्हर. रस्त्याच्या कडेला भिंत न शोधता उभं राहता येईल असा स्टँड. मागे लोखंडी कॅरिअर, ज्यावर गॅसचा सिलिंडर, दळणाचा डबा, ज्वारीचं पोतं किंवा एका बाजूला पाय सोडून बसलेली नवी नवरी, यांपैकी काहीही बसे. माझ्या बाइकवर सामान न्यायचं तर ‘बाइकपॅकिंग’ नावाच्या पिशव्या घ्याव्या लागतात आणि त्यांत दळणाचा डबा जात नाही. पुढच्या दांडीवर टॉवेल गुंडाळला की पोराची सीट तयार. अशाच दांडीवर बसून मी शाळेत गेलो आहे. वडिलांची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली असायची आणि खड्डा आला की ते आधी माझ्या पोटाशी हात घालायचे, मग शिवी द्यायचे. इतकं तत्पर सस्पेन्शन अजून बाजारात आलेलं नाही.

उगाच गळा काढायला नको. रॉडचे ब्रेक पावसात दाबले की सायकल आधी विचार करायची आणि मग, जमलं तर, थांबायची. चढावर उतरून ढकलण्याखेरीज दुसरा गियर नव्हता.

मी वाकलेला बघून मामा आले. “काय हरवलं का साहेब?” मग माझ्या नव्या सायकलीचा विषय निघाला. “कितीला पडणार?” मी आकडा सांगितला. या सायकलीच्या तीन किमती आहेत. मित्रांना सांगतो ती खरी, घरी सांगतो ती सवलतीची आणि मामांना सांगितली ती मी तिथल्या तिथे तयार केली. तिच्यातही मामांचे दोन पगार बसत होते. मामा “भारी काम” म्हणाले आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. बुटाला नाडी नव्हती.

पुढे पावसाळ्यात मामा एके सकाळी कोपराला पट्टी बांधून आले. रात्रीच्या ड्यूटीला येताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडले होते. “पाण्यात कळलंच न्हाई ओ.” हाताबद्दल एवढंच बोलले. बाकी सगळं चाकाबद्दल: रिम आऊट झाली, पंक्चरवाल्याकडून आऊट काढून घेतली, दोन तारा नव्या टाकल्या, दिवसाचे पैसे गेले. तो रस्ता मीही रोज वापरतो. त्या खड्ड्यासाठीच तर मी फोर्कचा अभ्यास करत होतो.

पाणी गढूळ आलं की आम्ही फिल्टर लावतो, वीज गेली की इन्व्हर्टर आणतो आणि रस्ता गेला की टायर जाड करतो. ज्याला परवडतं त्याचा प्रश्न सुटतो आणि मग त्या प्रश्नावर बोलायला परवडणारं कुणी उरत नाही. अमेरिकेतल्या सायकलवाल्यांनी १८८० साली लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन ही संघटना काढली, तेव्हा मोटारगाडी जन्मायची होती; पुढे त्यांनी चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ केली. त्या चिखलातल्या लोकांनी रस्ता मागितला. मी सस्पेन्शन मागत होतो, तेही सुलभ हप्त्यांवर. त्या दिवशी मला स्वतःचा खराखुरा राग आला आणि रागाच्या भरात मी मराठी माणूस जे करतो तेच केलं: अर्ज. खड्ड्याच्या फोटोंसह, प्रत माहितीसाठी सहा ठिकाणी.

दरम्यान सायकल घेतलीच. सस्पेन्शन फोर्क काढून टाकला. ४० की ५० या वादात मी अस्सल मध्यमवर्गीय निर्णय घेतला: ४५.

आणि आश्चर्य म्हणजे रस्ता झाला. माझ्या अर्जामुळे की निवडणुकीमुळे, हे मी विचारलं नाही. ग्रुपमध्ये मात्र अर्जामुळे झाला असंच सांगितलं. काळाशार, गुळगुळीत, बाजूला पांढरे पट्टे. “आता लई ब्येस झालं साहेब,” मामा म्हणाले. खरंच झालं. फक्त माझ्या ४५च्या टायरना करायला काही उरलं नाही. तेव्हा हल्ली रविवारी सायकल गाडीच्या मागे बांधतो, डिझेल जाळतो आणि पार सासवडच्या पलीकडे खराब रस्ता शोधत जातो. “कुठं दौरा?” मामा फाटक उघडताना विचारतात.

“भुलेश्वराला,” मी सांगतो. देवाचं नाव घेतलं की पुढचे प्रश्न येत नाहीत.