घरबसल्या साहित्यिक होण्यापूर्वी

लेखनाचा पत्रद्वारा अभ्यासक्रम घ्यावा की नाही, याचा निर्णय भावनेच्या भरात करू नये. जेवण उरकून, चष्मा पुसून, जाहिरात समोर घेऊन बसावे. जाहिरातीत नामवंत लेखकांचे फोटो असल्यास प्रथम ते मोजावेत. पाचापर्यंत असले तर संस्था होतकरू समजावी.

या विषयात प्रमाण मानावी अशी संस्था म्हणजे अमेरिकेत, कनेक्टिकट राज्यातल्या वेस्टपोर्टची 'फेमस रायटर्स स्कूल'. १९६१ साली ती निघाली आणि तिच्याकडे फोटो होते पंधरा. रँडम हाउस प्रकाशनाचे बेनेट सर्फ, 'ट्वायलाइट झोन' मालिकावाले रॉड सर्लिंग, कादंबरीकार फेथ बाल्डविन, अशी एकेक वजनदार मंडळी. लिहू इच्छिणारी माणसे आम्हाला हवी आहेत, असे त्यांचे जाहीर आवाहन होते. साहित्याच्या इतिहासात प्रस्थापितांना नवोदितांची इतकी ओढ लागल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. मात्र आपला निबंध सर्लिंगसाहेब स्वतः तपासतील, अशा समजुतीत राहू नये. लग्नपत्रिकेवर कुलदैवताचे नाव असते म्हणून ते पंगतीत वाढायला येत नाही.

यानंतर कलचाचणी. ही मनापासून देऊ नये. होता होईल तेवढी वाईट द्यावी. रॉबर्ट बर्न या लेखकाने एका अल्पशिक्षित वृद्धेच्या नावाने मुद्दाम गचाळ उत्तरे लिहून या शाळेला पाठवली, तर बाईंच्या अंगी लेखनगुण असल्याचा निर्वाळा आला. तुम्ही नापास झालात तर संस्था अस्सल आहे, बेलाशक पैसे भरा. पास झालात तर दाराची कडी लावून घ्या, कारण आता विक्रेता येणार.

विक्रेता येईपर्यंत थोडे अंकगणित करावे. (साहित्यिकाला गणित वर्ज्य असते, म्हणूनच हा धंदा चालतो.) जेसिका मिटफर्ड या बाईंनी जुलै १९७०च्या 'अटलांटिक' मासिकात या शाळेची झाडाझडती घेतली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे विद्यार्थी सुमारे ६५,०००, विक्रेते ८०० आणि निबंध तपासणारे शिक्षक ५५. म्हणजे एका शिक्षकामागे अकराशेहून अधिक विद्यार्थी. सगळ्यांनी एकाच आठवड्यात स्वाध्याय धाडले असते तर वेस्टपोर्टचे पोस्ट कोलमडले असते आणि पाठोपाठ शाळाही. तसे घडले नाही, कारण बहुतेकांनी मध्येच लिहिणे सोडले. हप्ता मात्र करारात अडकलेला. तो लिहिण्याच्या उमेदीबरोबर आटत नाही. तिसऱ्या धड्यानंतर वही माळ्यावर टाकणारा विद्यार्थी हाच अशा संस्थेचा खरा आश्रयदाता. नियमित स्वाध्याय पाठवून शिक्षकाला कामाला लावणारा मनुष्य तिला परवडत नाही. तेव्हा 'मी हा अभ्यासक्रम पुरा करणार का?' हा प्रश्न फक्त स्वतःला विचारू नये. संस्थेचे उत्तर तिने फी ठरवली तेव्हाच तयार होते.

संस्थापक भेटल्यास त्याला एवढेच विचारावे: तुमच्या शाळेत शिकलेल्या किती जणांची पुस्तके तुम्ही स्वतः छापलीत? मिटफर्डबाईंनी या शाळेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सर्फना हे विचारले होते. गृहस्थ दिलखुलास, ज्याचे पुस्तक आपण छापू अशा माणसाला पोस्टाने लेखन शिकायची गरजच पडत नाही, अशा आशयाचे त्यांनी सांगून टाकले. असली विक्री म्हणजे भोळ्याभाबड्यांना घातलेली साद, असेही ते बोलून गेले. मग हे भोळ्यांचे छापू नका म्हणाले, पण बाई छापणाऱ्यांपैकी होत्या. (त्या स्वतः कोणत्या लेखनशाळेत शिकल्या? लहानपणी आईने त्यांना साध्या शाळेतही धाडले नव्हते.) पुढे शाळा चालवणाऱ्या कंपनीचा शेअर गडगडला आणि १९७२ साली तिने दिवाळे काढले.

हे सारे अमेरिकेत, तेही जुन्या काळी, असे म्हणून निर्धास्त होऊ नये. पोस्टमनच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप आला, कलचाचणीच्या जागी मोफत वेबिनार आला आणि 'शेवटच्या काही जागा' तर कायमच शिल्लक असतात. आपल्या इग्नूचा सर्जनशील लेखनाचा पदविका अभ्यासक्रम आहे खरा, पण त्यात आपल्याकडे रोखून पाहणारे फोटो नाहीत, घरी येऊन आपली प्रतिभा ओळखणारा विक्रेता नाही. सरकारी पद्धतीने नुसते शिकवतात. अशाने कोणाचा अहंकार सुखावणार?

एवढे वाचूनही पैसे भरून झाले असल्यास परताव्याचे पत्र लिहावे. विशेषणे टाळावीत, बालपणाचा उल्लेख नको, करारातले कलम तारखेसह द्यावे. मिटफर्डबाईंचे यजमान वकील होते. त्यांच्याकडे बहात्तर वर्षांच्या एक विधवा बाई आल्या. तुटपुंज्या पेन्शनीवर जगत असतानाही त्यांनी नऊशे डॉलरांच्या कराराचे पहिले दोनशे भरले होते. वकीलसाहेबांनी पत्र लिहिले आणि पैसे परत आले. त्या शाळेच्या संदर्भात झालेल्या लेखनापैकी इतका चोख मोबदला मिळवणारे लेखन क्वचितच झाले असेल. गेल्या दिवाळी अंकाच्या मानधनाची अजून वाट पाहणाऱ्यांनी हा दर टिपून ठेवावा आणि जमल्यास संपादकांना वकिलाच्या लेटरहेडवर कळवावा.